जपून ठेवलेली जर्मन

"मॅडम, गाड़ी एकदम मख्खन है. बस, इसको खड़ी मत रखना," असं राज म्हणाला, तेव्हा मिनल चार वर्षांच्या मनालीच्या नाकपुडीत शिरलेला चुरमुरा काढण्यात गुंतली होती. चुरमुरा निघाला, मनाली शिंकली आणि राजचं वाक्य त्या शिंकेबरोबर वाहून गेलं. वाहून गेलं नसतं तरी मिनलने ते मनावर घेतलं नसतंच. विकणारा माणूस जाता जाता काहीतरी सांगतोच. फ्रिजवाला स्टॅबिलायझर लावायला सांगतो, साडीवाला पहिलं धुणं मिठाच्या पाण्यात करायला सांगतो. ते सगळं ऐकत बसलं तर माणसाने वस्तू वापरायची कधी?

वापरायची कधी, हाच पुढे सगळ्या भानगडीचा मुद्दा झाला. पण तेव्हा ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

गाडी जर्मन होती, चंदेरी होती आणि पावणेदोन लाख किलोमीटर पळालेली होती. गाडीचा आधीचा मालक राज, मिनलसारखाच मीरा रोडचा. मशीनचे सुटे भाग विकायला दर आठवड्याला अहमदाबादला जायचा आणि यायचा. त्या किलोमीटरच्या आकड्याकडे बघून मिनलचा नवरा दिपेश हबकला. "अगं, एवढ्यात माणूस चंद्राच्या अर्ध्या वाटेपर्यंत जातो."

"आपल्याला चंद्रावर कुठे जायचंय? रत्नागिरीला जायचंय," मिनल म्हणाली. "आणि जर्मन गाडीला पावणेदोन लाख म्हणजे काहीच नाही. मुलगा आत्ता कुठे कॉलेजात जायला लागलाय असं समज."

हे तिने हवेत म्हटलं नव्हतं. मिनल बी.एस्सी. होती आणि मनालीसाठी साधी पाण्याची बाटली घ्यायची तरी आठवडाभर वाचन करणारी बाई होती. जुन्या जर्मन गाड्या किती टिकतात यावर तिने इतके व्हिडिओ पाहिले होते, की रस्त्यातून जाणाऱ्या गाड्यांचा नुसता आवाज ऐकून ती "डिझेल आहे" असं पुटपुटायची. बिल्डिंगमधल्या आयांच्या ग्रुपवर तिने जाहीर करून टाकलं, 'लहान मूल असेल तर जुनी का होईना, जर्मनच घ्यावी. पत्रा जाड असतो.' त्यावर सतरा अंगठे आले. त्यामुळे गाडी घेणं आता व्यवहाराचा भाग राहिला नाही, इभ्रतीचा झाला.

सोसायटीचे सेक्रेटरी गोवर्धनभाई, तळमजल्यावर राहणारे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला हलकेच लाथ मारली आणि निकाल दिला. "दिपेशभाई, जर्मन गाडी म्हणजे हत्ती. गाडी सस्ती भेटते, पण तिचा एक दात पडला ना, तर तो जर्मनीहून येणार. जपानी लेवी जोईए, जपानी घ्यायची."

"आमच्या वाडीत जपानी तीन आहेत," मिनलचे सासरे राघो मांडवकर म्हणाले. "जर्मन एकपण नाही."

आता हे वाडीचं प्रकरण सांगायला हवं. मांडवकरांचं गाव संगमेश्वरच्या आतल्या अंगाला. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते आणि एक रात्र भावकीतल्या एका घरी वस्तीला राहते. हा मान पाळीने येतो आणि पाळी यायला वर्षं लागतात. नियम एकच. पालखी अंगणात येईल तेव्हा घरचा कर्ता पुरुष समोर हजर पाहिजे. नसला तर पालखी पुढच्या घरी जाते. मागच्या पाळीला राघोबाबा हजर नव्हते. ते भाईंदर पूर्वेच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. शिमगा येतो मार्चमध्ये आणि मार्चमध्येच स्टोअरमधल्या मालाची वार्षिक मोजणी. साहेबांनी रजा दिली नाही. पालखी शेजारी चुलतभाऊ बबनकडे गेली आणि तेव्हापासून बबनकाका प्रत्येक लग्नात, बारशात, एकदा तर एका तेराव्यालासुद्धा, घास तोंडात घेऊन म्हणायचे, "राघोदाचं काय सांगू, त्याला देवीपेक्षा नट-बोल्ट मोठे."

यंदा पाळी पुन्हा राघोबाबांच्या घराची होती. राघोबाबांचं वय, गुडघे आणि रक्तदाब बघता ती त्यांच्या हयातीतली शेवटची होती, हे घरात सगळ्यांना कळत होतं. ते काही झालं तरी पोचायलाच हवे होते. शिमग्याला कोकणात जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट मिळणं हा नशिबाचा भाग, म्हणून स्वतःची गाडी. आणि नुसतं पोचायचं कशाला, जर्मन गाडीतून पोचायचं. ही पुरवणी मिनलची.

गाडी आली गणपतीच्या सुमारास. इंदुबाईंनी, म्हणजे मिनलच्या सासूबाईंनी, ओवाळलं. चाकाखाली लिंबं ठेवली. पुढच्या जाळीवर जिथे जर्मनांनी मोठ्या अकलेने एक कॅमेरा बसवला होता, त्याच्यावर बरोब्बर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. गाडीने 'टुंई टुंई' केलं.

"बघ, आशीर्वाद पोचला," इंदुबाई म्हणाल्या.

मग राघोबाबांनी फर्मान काढलं. "आता शिमग्यापर्यंत ही हलवायची नाही."

आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाचं एक तत्त्वज्ञान असतं. माल कपाटात असतो तोवर माल. एकदा बाहेर गेला की त्याची झीज होते, मोडतोड होते, शेवटी त्याचं भंगार होतं. राघोबाबांनी निवृत्त होताना हे तत्त्वज्ञान घरी आणलं होतं. सोफ्याचं प्लास्टिक दिपेशच्या लग्नातलं होतं, ते अजून सोफ्यावर होतं. शोकेसमध्ये काचेच्या ग्लासांचा एक संच होता, त्यातून आजवर कुणी पाणी प्यालं नव्हतं. टीव्हीचा रिमोट दुधाच्या धुतलेल्या पिशवीत राहायचा आणि बटणं पिशवीवरूनच दाबायची. अशा घरात जर्मन गाडी आली होती.

मिनलने विरोध करायला हवा होता, पण खरं सांगायचं तर तिला ते फर्मान मनातून आवडलंच. ती काळजी करणारी बाई. मनाली गाडीत बसली की तिच्या डोळ्यांपुढे डंपर, टँकर, काशीमिऱ्याचा सिग्नल तोडणारे रिक्षावाले, सगळे एका रांगेत उभे राहायचे. उभ्या गाडीला यातलं काहीच होत नाही. इतक्या वाचनानंतर ती अशा निष्कर्षाला पोचली होती की जगातली सर्वांत सुरक्षित गाडी म्हणजे कंपाउंडमध्ये उभी असलेली जर्मन गाडी.

दिपेश एकदाच म्हणाला, "अरे पण गाडी अधूनमधून चालवावी लागते ना?"

"मी रोज सकाळी चालू करतो की!" राघोबाबा म्हणाले.

आणि ते करत. अंघोळ झाली की खाली जायचे. वरचं रेक्झिनचं आवरण काढायचे, त्याच्या आतली चादर काढायचे, चादरीची घडी घालायचे. मग आत बसून गाडी सुरू करायची. पाचेक मिनिटं इंजिन घुरघुरू द्यायचं, तेवढ्यात उदबत्ती ओवाळायची, गाडी बंद करायची, चादर, आवरण. "गरम करून ठेवली," असं वर येऊन सांगायचे, जणू आमटीच. मनालीला वाटायचं, गाडी म्हणजे आजोबांची खाली असलेली छोटी खोली. तिने एकदा वर्गात सांगितलंसुद्धा, "आमच्याकडे दोन घरं आहेत. एकाला स्टिअरिंग आहे."

संकटं उभ्या गाडीवरही येतात. पहिलं संकट लांबीचं आलं. सोसायटीने आखलेल्या पिवळ्या चौकोनात जर्मन गाडी मावत नव्हती. तिचं नाक बाहेर यायचं. गोवर्धनभाईंनी नोटीस लावली : 'सदर वाहनाचे नाक सामाईक जागेत येत आहे.' दिपेशने गाडी मागे घेतली, तर शेपूट जिन्याच्या पहिल्या पायरीला टेकलं. दुसरी नोटीस शेपटाची. शेवटी कमिटीची मीटिंग झाली आणि त्यात ठरलं की नाक महिन्याचे पहिले पंधरा दिवस बाहेर ठेवावं आणि शेपूट उरलेले. अशा रीतीने गाडी महिन्यातून दोनदा चालवली जाऊ लागली. वीतभर पुढे, वीतभर मागे.

दुसरं संकट पीयूसीचं. धुराच्या दाखल्याची मुदत संपली. दिपेश म्हणाला, पेट्रोल पंपापर्यंत नेऊन आणतो.

"बाहेर नेलीस तर वापरली जाईल," राघोबाबा म्हणाले.

"पण दाखला?"

"जी गाडी बाहेर जात नाही तिचा धूर कुणाला लागतोय?"

हे गोवर्धनभाईंनी ऐकलं. उदबत्ती ओवाळायची वेळ आणि त्यांच्या खिडकीत नाश्त्याची वेळ एकच होती. "मला लागतो ना, राघोभाई! रोज फाफड्याला डिझेलचा वास येतो."

शेवटी पीयूसी निघण्याच्या दिवशी वाटेतच काढायचं ठरलं. तोवर तिसरं संकट आलं, उंदरांचं. उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर संसार मांडतात आणि वायरी खातात. पेणकरपाड्यातला गॅरेजवाला ईश्वर म्हणाला, तंबाखूची पानं ठेवा. कुणी म्हणालं, फिनेल. पण इंदुबाईंकडे ट्रंकेतल्या लुगड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. त्यांनी बॉनेटमध्ये, डिकीत, सीटखाली आणि जिथे बोट जाईल त्या प्रत्येक फटीत डांबराच्या गोळ्या घातल्या. उंदीर गेले. मांजरंही गेली. तळमजल्यावरचे डाससुद्धा पहिल्या मजल्यावर राहायला गेले.

बबनकाकांचे फोन सुरूच होते. "काय रं दादा, येतोयस ना? नाय जमला तं सांग. आमी हाव हितं. ताट, नारळ, सगळा तयार हाय."

"येतोय," राघोबाबा म्हणायचे. फोन ठेवला की खिडकीपाशी जायचे आणि खाली आवरणाकडे बघत बराच वेळ उभे राहायचे. मिनलला ते दिसायचं. तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा शंका आली. गाडी जर्मनच घ्यायची असं आपण म्हटलं. ही नाही पोचली तर?

निघायचा दिवस उजाडला. पालखी दुपार कलताना येणार होती, म्हणून सकाळीच निघायचं होतं. आवरण निघालं, चादर निघाली, आणि सगळी बिल्डिंग खिडकीत आली. गाडी एका किल्लीत सुरू झाली. मिनलने वरच्या खिडकीतल्या आयांकडे बघून हात हलवला तो अगदी जर्मन पद्धतीने, थोडक्यात.

दिपेशने एसी लावला.

जर्मन एसी फार जोरकस असतो. त्याने सगळ्या फटींमधली हवा एका दमात बाहेर ओढली आणि पाचही जणांच्या तोंडावर मारली. बसल्या जागी सगळे जण जपून ठेवलेल्या पैठण्या झाले. मनालीच्या डोळ्यांतून पाणी आलं. काचा खाली केल्या, तर घोडबंदर रोडचा धूर आत आला. त्या दोन वासांत निवड करत, कधी काचा खाली आणि कधी वर, असं कुटुंब पनवेलपर्यंत गेलं. वाटेत टोलवरच्या माणसाने दिपेशला पावती देताना नाक मागे घेतलं. "औषध-बिवषध नेताय का?"

महाडच्या अलीकडे मनालीला कंटाळा आला. ती पुढे मिनलच्या मांडीवर येऊन बसली आणि स्टिअरिंगमागे चिकटवलेल्या गणपतीला नखाने सोलू लागली. गणपती अर्धा निघाला आणि त्याच्या पोटातून एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला.

दिपेशचा पाय ब्रेकवर गेला. "हे काय? हा दिवा कधीपासून?"

मागच्या सीटवरून राघोबाबा म्हणाले, "दिवाळीपासून."

"आणि वर गणपती कुणी लावला?"

"ईश्वरला दाखवलं होतं. तो म्हणाला सेन्सर आहे, लक्ष देऊ नका. पण रोज सकाळी डोळ्यांत यायचा. म्हणून देवाला बसवलं."

जणू दिवा एवढ्याचीच वाट बघत होता. आपलं गुपित फुटलं म्हटल्यावर गाडीचा धीर सुटला. पाय दाबला तरी जोर लागेना. कशेडीच्या चढावर एक टेम्पो त्यांच्या बाजूने गेला. त्याच्या मागच्या फाळक्यावर बसलेल्या बोकडाने जर्मन गाडीकडे बराच वेळ, सहानुभूतीने पाहिलं.

दिपेशने ईश्वरला फोन लावला. ईश्वर म्हणाला, "सेन्सर है." मग मिनलने राजला लावला.

"कितना चलाया अभी तक?" राजने विचारलं.

"आज चालवतोय," मिनल म्हणाली.

"नहीं, मतलब, लिया तब से?"

"आज."

राज अगदी हळू, जवळचं कुणीतरी गेल्यासारखा बोलला. "मॅडम, मैंने आपको बोला था."

आता त्याने जे सांगितलं ते मिनलने ऐकलं, आणि तिला बी.एस्सी.ची पदवी परत करावीशी वाटली. डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेत एक गाळणी असते. तिच्यात काजळी साठते. गाडी लांब, जोरात पळाली की गाळणी तापते आणि काजळी आपोआप जळून जाते. दर आठवड्याला अहमदाबाद बघणाऱ्या गाडीची गाळणी म्हणून आरशासारखी होती. पण गाडी जागेवर पाच मिनिटं गुरगुरवून बंद केली, की काजळी साठते आणि जळत नाही. राघोबाबा रोज सकाळी उदबत्तीच्या साक्षीने तिला चमचाभर काजळी भरवत होते. पावणेदोन लाख किलोमीटर जिला काही करू शकले नाहीत, तिला मांडवकरांच्या मायेने आजारी पाडलं होतं.

"अब एक ही इलाज," राज म्हणाला. "गियर नीचे रखो और भगाओ. फॅन का आवाज आएगा, गरम बास आएगा, समझो सफाई चालू. उसके बाद दिवा बुझने तक रुकना नहीं. बीच में रुके तो गाळणी गई. फिर गाड़ी हिलेगी भी नहीं."

"म्हणजे पळवायची?" दिपेशने विचारलं. तो बँकेत होता आणि गाडी चालवताना तीसच्या पुढे गेला की क्षमा मागितल्यासारखा चेहरा करायचा.

"तू मागे सर," राघोबाबा म्हणाले. "मी बसतो. वाडीत मीच चालवत शिरणार होतो, इथूनच बसतो."

"बाबा, तुम्ही?" मिनल ओरडली.

"कारखान्याचा टेम्पो कोण चालवत होतं? साहेब?"

जो माणूस रिमोट पिशवीतून काढत नव्हता, त्याने जर्मन गाडीला खालच्या गियरमध्ये टाकून पाय दाबला. गाडी आधी कण्हली, मग गुरगुरली, मग धावली. इंदुबाईंनी दोन्ही हातांनी नारळाची पिशवी धरली आणि मिनलने दोन्ही हातांनी मनालीला. पण आपल्याकडे जोराने पळणं हे चालवणाऱ्याच्या हातात नसतं, महामार्गाच्या मर्जीवर असतं. वेग आला की 'काम चालू, रस्ता वळवला आहे' यायचं. वळणानंतर खड्डा, खड्ड्यानंतर पूल, पुलानंतर अर्धाच पूल. गाळणी तापायची आणि निवायची, तापायची आणि निवायची. प्रत्येक वेळी राघोबाबांच्या तोंडून एक शब्द निघायचा. तो मनालीने पुढे शाळेत वापरला, पण ते नंतर.

चिपळूण गेलं, संगमेश्वर आलं, सूर्य कलायला लागला. शेवटी एक चांगला, काळा, लांब पट्टा मिळाला. गाडी सुसाट सुटली. मिनलने तिरक्या नजरेने सासऱ्यांकडे पाहिलं आणि ती चकित झाली. बाबा हसत होते. इतक्या वर्षांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. तेवढ्यात बॉनेटमधून पंख्याचा घोंघाट सुरू झाला आणि तापलेल्या लोखंडाचा व डांबराच्या गोळ्यांचा असा मिश्र दर्प सुटला की दिपेशने रुमाल बांधला.

"चालू हो गया!" मिनलने पुन्हा लावलेल्या फोनवर पंख्याचा आवाज ऐकून राज ओरडला. "अब रुकना मत!"

आणि बरोबर तिथेच वाडीचा फाटा आला.

फाट्यापासून वाडी जवळच. राघोबाबा वळले ते त्याच वेगात. लाल धूळ उडवत गाडी मांडवकरांच्या घरासमोरच्या होळीच्या माळावर आली. अंगणात सगळी भावकी उभी. दारात बबनकाका नव्या टोपीत, हातात ओटीचं ताट घेऊन. आणि समोरच्या पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून ढोल वाजवत, गुलाल उधळत पालखी उतरत होती.

दिवा लुकलुकतच होता.

"बाबा, थांबा! उतरा! पालखी आली!" मिनल म्हणाली.

राघोबाबांचा पाय ब्रेककडे गेला आणि परत आला. "गाळणी जाईल."

"जाऊ दे गाळणी!"

"स्टोअरमधला एक वायसर मी कधी वाया जाऊ दिला नाही," राघोबाबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे पालखीवर. "तू आणलीस ही गाडी. म्हणून मी पोचलो. हिला मारून मी उतरू?"

आणि त्यांनी माळाला वळसा घातला. मग दुसरा घातला. गावातल्या लहान-थोरांनी पाहिलं की मीरा रोडहून आलेली चंदेरी जर्मन गाडी माळावर रोवलेल्या होळीच्या खुंटाभोवती गरागरा फिरते आहे, बॉनेटमधून वाफा निघतायत, मागच्या खिडकीतून तोंडाला रुमाल बांधलेला दिपेश 'येतोच, येतोच' अशा खुणा करतोय, आणि मनाली ओरडतेय, "आजोबा, अजून एक राऊंड!"

पालखी अंगणाच्या कडेला आली. बबनकाका पुढे झाले. "सदू, बघितलंस ना? घरचा कर्ता समोर पायजे. ह्यो तं गरगर फिरतोय! आन माझ्याकडे, ताट तयार हाय."

सदू गुरव पालखीचा पुजारी. त्याने बबनकाकांकडे पाहिलं, मग गाडीकडे. पालखीचे दांडे खांद्यावर घेतलेली पोरं मात्र नुसती गाडीकडेच बघत होती. वाडीत जर्मन पहिल्यांदाच आली होती.

आता कोकणात सगळ्यांना माहीत आहे की पालखीला स्वतःची ओढ असते. ती मनात आलं तर धावते, अडते, मागे फिरते, आणि खांदेकऱ्यांना फरफटत नेते. तिला कुणी विचारत नाही. पुढच्या उजव्या खांद्याच्या पोराचा पाय सरकला. "ओढतेय!" तो म्हणाला. "ओढतेय, ओढतेय!" बाकीचे तिघं म्हणाले, जरा जास्तच आनंदाने. आणि पालखी अंगणाच्या कडेवरून वळून माळावर उतरली आणि जर्मन गाडीच्या मागे धावू लागली. तिच्यामागे ढोल, ढोलामागे गुलाल, गुलालामागे आख्खी वाडी. बबनकाका ताट घेऊन अंगणात एकटे राहिले आणि मग तेही धावले, कारण एकटं उभं राहणं वाईट दिसतं.

कितव्या फेरीला कोण जाणे, दिवा विझला. पंख्याचा घोंघाट थांबला. राघोबाबांनी गाडी हळूहळू थांबवली, दार उघडलं, आणि त्यांच्याबरोबर डांबराच्या गोळ्यांचा एक लोट खाली उतरला. पुढचे दोन खांदेकरी शिंकले. पालखी त्यांच्यासमोर उभी होती, अगदी हाताच्या अंतरावर.

"नियम काय?" बबनकाका धापा टाकत म्हणाले. "कर्ता समोर उभा—"

"कर्ता देवीच्या पुढंच होता की," सदू गुरव म्हणाला. "सगळा येळ पुढंच होता. मागं तू होतास."

राघोबाबांनी खांदा दिला. त्यांच्या चष्म्यावर गुलाल होता आणि गाल ओले होते. इंदुबाई म्हणाल्या की ते गोळ्यांमुळे. मिनलने स्वतःचे डोळे पुसले. तिलाही गोळ्यांचा त्रास होतच होता. रात्रभर पालखी मांडवकरांच्या ओटीवर राहिली. गावातल्या बायका पाया पडून मिनलला विचारत होत्या, "लुगडी कुठल्या ट्रंकेत ठेवता गं?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मांडवकरांकडे कुठलाही धडा अर्ध्यावर शिकला जात नाही. घरी परत आल्यावर राघोबाबांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सोफ्याचं प्लास्टिक फाडलं. दुसऱ्या दिवशी शोकेसमधल्या ग्लासांतून ताक आलं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "जी वस्तू चालत नाही ती मरते," आणि गाडी घेऊन वसईला जाऊन आले. मग मनोरला. मग चारोटीला. सुरुवातीला इंदुबाई बरोबर जायच्या, पण त्यांना आता वापीतल्या ढाब्यांचा कंटाळा आलाय. आवरण आणि चादर गोवर्धनभाईंना देऊन टाकली. त्यांच्या फाफड्याला आता वास येत नाही, पण ते म्हणतात, "राघोभाई घरी नसतात तर सकाळी कसं सुनं वाटतं."

सोमवारी राघोबाबा "जरा गाळणी साफ करून आणतो" म्हणून गेले. मंगळवारी भरूचहून फोन आला, "गाडी काय मस्त चाललीय! परत वळावंसं वाटत नाही गं." काल फोन आला नाही. गाडी चालवताना ते फोन घेत नाहीत, हे योग्यच आहे. पण आता ते गाडी चालवत नसतात अशी वेळच उरलेली नाही.

मिनल सकाळपासून तीनदा खिडकीत जाऊन आली. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट टेबलावरच राहिलंय, हे तिला आत्ता दिसलंय. तेव्हा तुम्ही जर अहमदाबाद हायवेने जाणार असाल आणि एखाद्या चहाच्या टपरीबाहेर नाक रस्त्याकडे करून उभी केलेली चंदेरी जर्मन गाडी दिसली, तर तिची तुम्हाला हात जोडून विनंती आहे, जरा थांबा. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ कपाळाला घाम न येता चहा पीत आहेत का बघा. जेवले का, ते विचारा. गाडी किती पळाली असं मात्र विचारू नका, ते तुम्हाला फिरवून आणतील. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर आधीच कुणी बसलेलं असेल, तर त्यालाही विचारा, बाबा रे, तुझ्या घरी कळवलंय का.